नानाजीचा अंगठा

मुकुटबनात नानाजीला अर्धा डॉक्टर म्हणायचे, आणि उरलेला अर्धा कमी आहे असं खुद्द नानाजीला कधीच वाटलं नाही. शिक्षण सातवीपर्यंत, तेही मास्तरांच्या दयेवर. वावर वाट्याने दिलेलं, बायको अबोल, घरात जीव रमेना. मग असा माणूस काय करणार? दुसऱ्याच्या आजारपणात घुसणार. गावात कोणाला ताप भरो, कोणाला ढाळ लागो, नानाजी पांढरा शर्ट चढवून, खिशाला पेन अडकवून दारात हजर. "चाला, वणीले नेतो. आपली वळख आहे तिथं." ओळख कसली डोंबलाची! वणीतला एकही डॉक्टर त्याला नावाने ओळखत नव्हता. कंपाउंडर ओळखायचे, तेही "आला हा परत" एवढंच.

तरी लोक त्यालाच सोबत न्यायचे. का, ते आधी सांगायला हवं. मुकुटबनला मुक्कामी येणारी एस.टी. वणीहून संध्याकाळी सुटते. ती चुकली की दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्रभर डास मारत बसा. आणि दवाखान्यात गेलं की सलाईनची बाटली ही लागलीच पाहिजे. नाही लावली तर आमचीच माणसं म्हणणार, कसला हा डॉक्टर, साधी बाटलीसुद्धा लावली नाही! आता बाटली म्हटली की ती थेंब थेंब गळणार. नर्स नळीवरची चकरी फिरवून थेंब बारीक करून जाणार. तिची पाठ वळली रे वळली की नानाजी इकडेतिकडे बघायचा, अंगठ्याने चकरी वर सारायचा आणि थेंबांची धार करून टाकायचा. बाटली रिकामी, नळी बाहेर, पेशंट गाडीत. "नानाजी सोबत असला का गाडी चुकत नाई," असं लोक कौतुकाने सांगायचे आणि सांगताना एकाचीही जीभ अडखळायची नाही. सगळ्यांनाच घाई, आणि फुकटची हुशारी कोणाला आवडत नाही?

पेशंट बहुतेक अशक्तपणाचे नाहीतर ढाळाचे. अंगात साधं पाणी जरा लवकर गेलं तरी बिचारे तरून जायचे. श्रेय सगळं त्या अंगठ्याला.

आणि वर तोरा केवढा! नर्सा म्हणजे कालच्या पोट्ट्या. डॉक्टर म्हणजे बिल फुगवायला बसलेले. गावातली माणसं तर त्याच्या लेखी अडाणीच. एकदा शेजारची रामीबाई झटका आलेल्या माणसाच्या नाकाला चप्पल लावायला धावली, तर हा तिच्यावर केवढ्यांदा खेकसला. "काय करून राह्यली, बुढे? दुनिया चंद्रावर गेली अन् तू चप्पल हुंगवतं?" बोलला ते खरंच होतं. म्हातारी खजील होऊन मागे सरली. पण रामीबाईच्या चपलेने आजवर कोणाचा जीव गेला नव्हता, आणि या शहाण्याचा अंगठा काय करू शकतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला तर नव्हतंच नव्हतं.

मैनाबाई ही नानाजीची थोरली वहिनी. नवरा गेल्यावर तिने कपाशीचं वावर आणि एकुलती एक पोरगी, दोन्ही एकटीने सांभाळलं. पोरीचं नाव खुशी. ती वणीच्या कॉलेजात जायची. शाळेत असल्यापासून तिला झटके यायचे, पण रोजच्या गोळ्यांनी ते ताब्यात होते. गेल्या दिवाळीत ती मामाकडे फुलसावंगीला गेली आणि गोळ्या घरीच राहिल्या. पोरीची जात, पाहुण्यांच्या घरात लाजली, कोणाला बोलली नाही. परत आली त्याच दुपारी अंगणात कोसळली. एक झटका ओसरला आणि शुद्ध यायच्या आत दुसरा सुरू झाला. मैनाबाईने दिराला हाक मारली. आणि नानाजीने काय करावं? आधी पांढरा शर्ट घातला. पोरगी मातीत तडफडतेय आणि हा बटणं लावत उभा!

गाडी करून वणीला पोचले. दवाखाना लहानसाच. डॉक्टर जीशान वयाने तरुण, बोलणं मोजकं. त्यांनी आधी एक सुई देऊन चालू झटका थांबवला. मग तो पुन्हा येऊ नये म्हणून दुसरं औषध सांगितलं, फेनिटोइन. पोरीला आज ठेवून घ्यावं लागेल, हेही तेव्हाच सांगितलं. गझाला सिस्टर ते औषध बाटलीत मिसळायला लागली, तोच नानाजी पुढे सरसावला.

"हे साधं पानी काहून लावता, बाई? ग्लुकोज लावा. पोट्टीले ताकत तं येईन."

"ग्लुकोजमध्ये हे औषध फाटतं, काका. गढूळ होतं, मग शिरेत देता येत नाही. साध्या सलाईनमध्येच द्यायचं असतं हे."

"आमी लय बाटल्या पाह्यल्या."

"पाहिल्या असतील," गझाला म्हणाली आणि तिने खुशीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, छातीला तारा चिकटवल्या. शेजारचं यंत्र ठोक्यागणिक वाजायला लागलं. मग तिने नळीवरची चकरी जपून फिरवली, थेंब पाहिले, परत जरा फिरवली. "हे औषध हळूच जायला पाहिजे. घाईने गेलं तर बीपी पडतं, हृदयाचे ठोके बिघडतात. सुईपाशी आग झाली, हात सुजला, तर लगेच हाक मारा. नळीला कोणीही हात लावायचा नाही."

हे शेवटचं ती नानाजीकडे बघूनच बोलली. नानाजीला ते लागलं. कालची पोट्टी, अन् मले शिकवते!

मैनाबाई गोळ्या आणायला समोरच्या मेडिकलवर गेली. तेवढ्यात कोळशाच्या ट्रकखाली पाय सापडलेला माणूस आणला. बाहेर एकच गलका झाला. डॉक्टर तिकडे धावले आणि त्यांनी गझालालाही हाक मारली. "आलेच मी," म्हणून ती गेली. खोलीत उरला नानाजी, झोपलेली खुशी आणि भिंतीवरचं घड्याळ.

बाटली कितीतरी शिल्लक होती. गाडीची वेळ होत आली होती. पोरीला आज सोडणार नव्हते, हे याच कानांनी ऐकलेलं. पण त्याला पोरीला थोडंच न्यायचं होतं? त्याला स्वतःला जायचं होतं. बाटली संपली की वैनी राहीन पोरीपाशी, आपण गाडी पकडू, असा त्याचा हिशेब. सख्ख्या भावाची पोरगी समोर निपचित पडलेली आणि या गृहस्थाच्या डोक्यात एस.टी.! अंगठा उठला, चकरीवर गेला आणि चकरी पार वरपर्यंत सरकली.

थोड्या वेळाने खुशीच्या ओठांचा रंग गेला. कपाळावर घाम डवरला. यंत्राचा आवाज लांबत लांबत गेला आणि मग ते एकदम किंचाळायला लागलं.

आता नानाजीने पहिल्यांदा काय केलं ते ऐका. त्याने पोरीला हाक मारली नाही, डॉक्टरला मारली नाही. त्याने चकरी गुपचूप खाली आणली, होती तिथे, होती तशी. आणि मग बोंब ठोकली.

डॉक्टर धावत आले. त्यांनी नळी सुईपासून सोडवून बाजूला केली, पोरीचे पाय उंच केले, दुसरी बाटली लावली, सुया भरल्या. ठोके जागेवर आले तेव्हा डॉक्टरांनी वळून विचारलं, "नळीला कोणी हात लावला होता का?"

"कोन लावन, साहेब?" नानाजी म्हणाला. "आमाले का समजते त्याच्यातलं?"

वा रे बहाद्दर! जन्मभर सगळं समजणारा माणूस नेमका त्याच घटकेला अडाणी झाला.

डॉक्टर गझालाला सगळ्यांदेखत बोलले, पेशंट सोडून गेलीसच कशी म्हणून. ती म्हणाली, "सर, मी लावली तशीच आहे चकरी. बघा." आणि ती खरोखरच तशीच होती; बाटली मात्र सुटलेल्या नळीतून गळून गेली होती, किती उरली होती ते कोणाला कळणार? तिचे डोळे भरून आले. नानाजी खिडकीतून बाहेर बघत राहिला.

मैनाबाईला डॉक्टरांनी सांगितलं, "हे औषध तिला मानवत नसेल कदाचित. नक्की सांगता येत नाही. पण पुढे कुठेही गेलात तर हे आठवणीने सांगा." मैनाबाईने ते नाव घोकून घोकून पाठ केलं. खुशीला दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि ती बरी होऊन घरी आली.

गावात नानाजीने चावडीवर बसून काय काय सांगितलं! "ते सुई तिच्या रक्तालेच चालत नाई. डॉक्टरले कुठं मालूम! म्या होतो म्हनून वाचली पोट्टी." लोकांनी माना डोलावल्या. मैनाबाईने दिराला शर्टाचं कापड दिलं, चांगलं, पांढरंशुभ्र. त्याने ते घेतलं. शिवून घेतलं. अंगात घातलं. आरशापुढे उभा राहून कॉलरसुद्धा नीट केली असेल मेल्याने.

मनात काहीच टोचलं नाही असं नव्हे. काही दिवस त्याने कोणाच्या बाटलीला हात लावला नाही. खुशी दिसली की गल्ली बदलायचा. पण मनाला समजावण्यात तो पटाईत. झालं गेलं, पोट्टी तं ठणठणीत आहे, आता सांगून कोनाचं भलं होनार? असं म्हणत म्हणत होळी आली, उन्हाळा गेला, आणि अंगठा पुन्हा आपल्या कामाला लागला.

पावसाळ्यात, सोयाबीनमधलं तण काढायला डवरे चालू असताना, खुशीला जोराचा ताप भरला. गोळ्या चालू असूनही तापात झटके सुरू झाले, एकामागून एक. पुन्हा गाडी, पुन्हा वणी, पुन्हा तोच दवाखाना. नानाजी नव्या पांढऱ्या शर्टात सोबत. न जाऊन सांगतो कोणाला?

डॉक्टरांनी पहिली सुई दिली. झटका थांबला आणि थोड्याच वेळात परत आला. पुन्हा सुई दिली, पुन्हा तेच. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते मैनाबाईजवळ आले.

"ताई, हे थांबायला आता दुसरं औषध द्यावंच लागेल. फेनिटोइनऐवजी जे देता येतं ते आज माझ्याकडे नाही, बाहेर मेडिकलवरही मिळालं नाही. चंद्रपूरला पाठवायचं तर पाठवू, पण रस्ताभर झटके चालूच राहतील. ते मेंदूला चांगलं नाही."

मैनाबाई पोरीच्या खाटेपुढे आडवी आली. "थे सुई नाई, डॉक्टरसाहेब. मांगं तिनंच मरत होती माही पोरगी. तुमीच सांगतलं होतं."

"मीच सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "पण तेव्हा नक्की काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. औषध जर फार लवकर गेलं असेल, तर आज हळू देता येईल, आम्ही जवळून हलणार नाही. पण तिला ते चालतच नसेल, तर मी नाही देणार. कसं ठरवू?"

खोलीत गझाला होती. ती नानाजीकडे पाहत राहिली.

बोल की आता! ज्याला सगळं ठाऊक तो एकटा नानाजी, दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभा. अंगठा काखेत दडवलेला. त्याच्या डोळ्यांपुढे काय होतं? पोरगी नव्हती. मुकुटबनची चावडी होती, पानठेल्यावरची माणसं होती, आणि ती खदखदून हसत होती. काय हा मोठेपणा, आणि काय त्याची किंमत! आत भावाची लेक जीभ चावतेय आणि हा आपलं तोंड कसं वाचवावं ते शोधतोय.

"साहेब," शेवटी तो घसा खाकरून म्हणाला, "कधी कधी का होते, थे चकरी आपोआपच सरकते..."

"आपोआप सरकत नाही," गझाला म्हणाली.

"म्हंजे, कोनाचा धक्का लागला असन..."

"कोणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवढ्यात खुशीचा हात पुन्हा ताठ झाला. बोटं वळली, मान एका बाजूला ओढली गेली. मैनाबाईने "बाई वं माही!" म्हणून तिचं डोकं धरलं.

"माह्या," नानाजी म्हणाला. आवाज इतका बारीक की त्याचा त्यालाच ऐकू आला नसावा. मग तो ओरडलाच. "माह्या अंगठ्याचा! धक्का नाई, म्या सारली चकरी. पुरी वर सारली. गाडी सुटून राह्यली होती म्हनून."

मैनाबाईने मान वर केली. तिला ते पटलं नाही. दवाखान्यात जे जे घडतं ते आपल्याच हाताने, हे सांगायची या माणसाला खोडच, हे तिला माहीत होतं. "भाऊजी, मोठेपना कराची हे वेळ नाई," ती तुटकपणे म्हणाली. झालं! आयुष्यात एकदा खरं बोलला, तर तीही फुशारकी ठरली.

मग नानाजी दोन ढांगांत पुढे आला. शेजारच्या रिकाम्या खाटेपाशी जुनी बाटली तशीच टांगलेली होती. त्याने तिची नळी हातात धरली. अंगठा चकरीवर गेला आणि सर्रकन वर सरकला, न बघता, न शोधता. बाटलीत उरलेलं पाणी धार लावून फरशीवर पडायला लागलं. मग तोच अंगठा तितक्याच सफाईने चकरी खाली घेऊन आला. "असं केलतं," तो म्हणाला. "अन् यंत्र वराडलं तवा पैले असं केलं."

तोंडावर विश्वास ठेवला नव्हता तिने. अंगठ्यावर ठेवला. मैनाबाई खाटेपासून बाजूला झाली आणि डॉक्टरांना म्हणाली, "द्या सुई."

डॉक्टरांना रागवायला वेळ नव्हता. त्यांनी पट्टा बांधला, तारा लावल्या, औषध साध्या सलाईनमध्ये मिसळून दिव्यासमोर धरून पाहिलं. गझालाने चकरी लावली आणि ती खाटेपाशीच उभी राहिली.

मैनाबाईने नानाजीचं मनगट पकडलं. "बस इथं." लग्न होऊन आल्यापासून तिने दिराला कधी एकेरी हाक मारली नव्हती. तो स्टुलावर बसला. तिने त्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि अंगठा मुठीत आवळून धरला. कापूस वेचून वेचून राठ झालेली मूठ ती. सुटणार कुठली?

"बघ," ती म्हणाली. "कसे पडतेत ते बघ."

तो बघत बसला. एक थेंब नळीच्या तोंडाशी गोळा व्हायचा, जड व्हायचा, पडायचा. मग दुसरा. इतकी वर्षं दवाखान्यांत हिंडून या माणसाने एक थेंब पडताना नीट पाहिला नव्हता. यंत्र सरळ वाजत होतं. गझाला सारखी बीपी बघायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. खुशीची बोटं सैल पडली, मग मान सैल झाली. तिचा श्वास झोपेतल्या माणसासारखा चालायला लागला.

बाहेर स्टँडवरून मुक्कामी गाडीचा हॉर्न वाजला. वाजला आणि दूर गेला. नानाजी रडत होता. नाक पुसायला त्याने डावा हात वापरला, कारण उजवा वहिनीकडे होता. तिला त्याची काडीची दया आली नाही. माझं विचाराल तर मलाही नाही.

अंधार पडता पडता खुशीने डोळे उघडले. आधी आईकडे पाहिलं, मग काकाकडे. जड जिभेने विचारलं, "काकाजी, तुमची गाडी?"

"गेली, बाई," नानाजी म्हणाला.

मैनाबाईने मूठ सोडली. अंगठा पांढरा पडला होता. ती गझालाकडे वळली आणि म्हणाली, "पोरी, तुले त्या टायमाले उगाच बोलनं बसलं." मग नानाजीला म्हणाली, "म्या गावात कोनाले काई सांगनार नाई. तूच सांगशीन."

ताप उतरल्यावर खुशीला सोडलं. तिघं एस.टी.ने मुकुटबनला उतरले तेव्हा पानठेल्यावर नेहमीची मंडळी होती. त्यातला रामधन धावतच आला.

"बरं झालं भेटले, नानाजी! उद्या बापाले वणीले न्या लागते. चाला सोबत. गाडीच्या टायमात बाटली संपवून द्याल ना?"

सगळे हसले, आपुलकीने. नानाजीने वहिनीकडे पाहिलं. ती पिशव्या खाली ठेवून उभी होती, पदर खोचून. त्याने पायांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. पळायला वाट होती. खुशी बाजूलाच उभी होती, सुईने काळानिळा झालेला हात ओढणीत धरून.

"बाटलीले म्या हात लावनार नाई," तो म्हणाला. "तूही लावू नको. दिवाळीले पोट्टी सुईनं मरत नोती. म्या चकरी सारली होती. म्या मारत होतो तिले. अन् आळ सुईवर घातला."

रामधन हसतच होता. "काय नानाजी, मस्करी लावली का?"

"मस्करी नाई," नानाजी म्हणाला आणि त्याने ते सगळं परत सांगितलं, पहिल्यापासून, चकरी गुपचूप खाली आणली तेही. पानठेल्यावर कोणी हसलं नाही. एकाने तोंडातला विडा थुंकला.

मैनाबाईने पिशव्या उचलल्या. "एवढंच बोलाचं होतं, तं दिवाळीतच बोलाचं होतं," ती म्हणाली आणि खुशीला घेऊन चालायला लागली. थोडं पुढे जाऊन वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अन् माह्या कापडाचा तो शर्ट धुऊन पाठवजो."